प्रातिनिधिक हेल्मेट

सोम., ६ जाने.

केंद्राच्या दारात रांग, आत साहेब नाहीत. साहेबांना इथे प्र. म्हणते, प्रभारीतला प्र. त्यांच्याकडे तीन कार्यालयांचा चार्ज आहे, म्हणजे ते एकदम तीन ठिकाणी नसतात.

पहिला उमेदवार वडिलांना घेऊन. इंजिनिअर. मुलाला विचारलं, काय करायला आवडेल? उत्तर वडिलांचं: "त्याला एसी लागतो." मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून. म्हटलं, एसी दुरुस्तीचा कोर्स आहे, चालेल? वडिलांनी रागाने माझं नाव विचारून घेतलं. घ्या, बापडे. नाव सांगितलं, पदही सांगितलं: कंत्राटी समुपदेशक. कंत्राटी म्हटल्यावर त्यांचा राग उतरला. तक्रार करण्याइतकीही माझी लायकी नाही असं वाटलं असावं.

दुपारी पळस्प्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन. "मॅडम, मुलं पाठवा, पण लोकल नको हं." पनवेलचं रोजगार केंद्र, आणि म्हणे लोकल नको! बाहेरच्या फळ्यावर याच्याच नावापुढे 'स्थानिकांना प्राधान्य' लिहिलंय, मीच लिहिलंय खडूने. लोकल पोरं गावातल्या प्रत्येक हळदीला दांडी मारतात म्हणे. हा स्वतः मेव्हणीच्या डोहाळजेवणाला ऑफिस बंद ठेवून गेला होता. मी फोन केला तेव्हा मागे बायकांची गाणी चालली होती.

शनिवारी रोजगार मेळावा. सूत्रसंचालन माझ्याकडे. आवाज बरा आहे आणि मार्चमध्ये कंत्राट संपतंय, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही.


बुध., ८ जाने.

प्र. उगवले. खुर्ची पुसून घेतली, बसले आणि म्हणाले, "मॅडम, स्टेजवर एक महिला पाहिजे. ग्रामीण. काहीतरी वेगळं. शिवण, पार्लर नको. पाहुण्यांना भावलं पाहिजे." मंडईत वांगी घ्यायला आल्यासारखं.

पण गंमत अशी, की तशी एक आहे. सुरेखा. उरणकडची, बाजारात मासे विकते. फोर्कलिफ्टचा कोर्स आमच्यामार्फतच केला. फोर्कलिफ्ट म्हणजे गोदामात पुढच्या दोन काट्यांवर माल उचलते ती गाडी. सगळ्या पुरुषांत एकटी बाई, आणि लायसन्स काढलेली. बाकीचे वीर सर्टिफिकेटचा फोटो स्टेटसला ठेवून झोपले. ही बाजार उरकला की येते, दारातूनच विचारते, "मॅडम, काय आला का?" अंगाला माशांचा वास येतो म्हणून आत बसत नाही. प्र. तोंडाला रुमाल लावतात ते तिने बघितलंय.

द्रोणागिरीच्या एका गोदाम कंपनीत ऑपरेटरची जागा आहे. तिथला एचआरवाला गुळगुळीत, केसांपासून बुटांपर्यंत. दर वाक्यात एकदा 'सिनर्जी' म्हणतो, म्हणून माझ्याकडे त्याचं नावच सिनर्जी. फोन केला. "वुमन ऑपरेटर? सुपर्ब, मॅडम! तुमची आमची काय सिनर्जी आहे!" नक्की ना? "हंड्रेड पर्सेंट."

सुरेखाला कळवलं. बाजाराच्या कालव्यात दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग म्हणाली, "साडी नेसू का ड्रेस घालू?"


शनि., ११ जाने.

पाय मोडून आलेत.

पाहुणे उशिरा, तोवर समोसे थंड. कंपन्यांनी नोकऱ्यांपेक्षा पेनं जास्त वाटली. एसीवाले वडील होते, मुलाला एका जागी बसवून स्वतः स्टॉल-स्टॉल फिरून पेनं गोळा करत होते. एका कंपनीच्या टेबलावर कोणीच नाही, नुसता बोर्ड: 'उज्ज्वल भविष्य इथून सुरू'. त्याच्याखाली एक कुत्रं झोपलेलं.

पाहुणे आले. हार, दीप, भाषण, परत हार. नियुक्तीपत्र वाटपाची वेळ आली. सिनर्जीकडे बघितलं. "प्रोसेसमध्ये आहे, मॅडम." सुरेखा स्टेजवर, पाहुणे हात पुढे करून उभे, आणि द्यायला कागदाचा कपटा नाही. प्र. दातांतून, "काहीतरी द्या हो हातात!" सिनर्जीच्या स्टॉलवर मांडलेलं पिवळं हेल्मेट मीच उचललं आणि पाहुण्यांच्या हातात कोंबलं. माणूस मुरलेला. क्षणभर न थांबता त्यांनी ते सुरेखाच्या डोक्यावर ठेवलं. मी माइकवर: "प्रातिनिधिक स्वरूपात नियुक्ती देऊन सन्मान करण्यात येत आहे, जोरदार टाळ्या!" टाळ्या झाल्या. फोटोग्राफर ओरडला, "साहेब, परत एकदा, मिस झाला." हेल्मेट काढलं, परत घातलं. सुरेखाने दोन्ही वेळा मान वाकवली, देवळात वाकवतात तशी.

खाली आल्यावर मला म्हणाली, "सोमवारी कितीला जाव?" मी म्हटलं, नऊला. सिनर्जी शेजारीच उभा होता. मान हलवली त्याने. मी बघितलं.


सोम., १३ जाने.

फोटो सगळीकडे. प्र. पेढे घेऊन हजर, आजवर यांनी चहासुद्धा पाजला नव्हता. "वरून कौतुक आलंय, मॅडम." वर कोण बसलंय आणि त्याला दुसरा उद्योग का नाही, मला कधी कळलेलं नाही.

तेवढ्यात सुरेखाचा फोन, कंपनीच्या गेटवरून. "वॉचमन आत सोडत नाय. नाव नाय म्हन्तो." म्हटलं थांब. सिनर्जी फोन उचलेना. दुपारी उचलला.

"मॅडम, इट वॉज रिप्रेझेंटेटिव्ह ना. तुम्हीच अनाउन्स केलंत, प्रातिनिधिक."

मग ऑपरेटरची जागा?

"आहे ना. मेल कँडिडेटसाठी. यार्डला लेडीज टॉयलेट नाही, कंप्लायन्सचा इश्यू होतो. आपलाच मुद्दा आहे, महिलांची डिग्निटी."

डिग्निटी! हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून कान धुवावेसे वाटले.

"आणि एक छोटी रिक्वेस्ट. ते हेल्मेट. डिस्प्ले पीस होता."


गुरु., १६ जाने.

सुरेखा आली. पिशवीत हेल्मेट. आज पहिल्यांदाच आत येऊन बसली, आणि अंगाला माशांचा वास नव्हता. मी मूर्खासारखं विचारलं, बाजार बंद आहे का?

बाजारातली जागा जावेला देऊन टाकलीय. शनिवारी संध्याकाळीच. सासूची जागा, बाजाराच्या तोंडाशी, सगळ्यांचा डोळा तिच्यावर. घरच्यांदेखत सोडली, जावेची ओटी भरली, पेढे वाटले. आता परत मागता येत नाही. मागितली तर घरात भांडण आणि आळीभर शोभा. नवऱ्याची कमाई हंगामापुरती, बोट दुसऱ्याची. घर हिच्या पाटीवर चालायचं.

मला इतका संताप आला. तिचाच. म्हटलं, अगं बाई, हातात पत्र नाही, काही नाही, असा धंदा सोडतं का कोणी? अक्कल आहे की नाही?

ती म्हणाली, "तुमी माइकमधी बोल्ल्या. एवढे लोकांसमोर. पावन्यांनी डोक्याव घातला. आमचेत चारचौघांत सुपारी फुटली का लगीन मोडत नाय. मना वाटला, तुमचेत पन तसाच."

आमच्यात तसं नाही. आमच्यात साखरपुडा होतो, फोटो निघतात, जेवणं उठतात, आणि नवरा मुलगा प्रोसेसमध्ये असतो. हे तिला सांगितलं नाही. चहा मागवला. तिने घेतला नाही.

जाताना म्हणाली, गावात बोर्ड लागलाय माझा.


सोम., २० जाने.

अर्धी रजा टाकून द्रोणागिरी. कंटेनरच्या ट्रेलरमागे रिक्षा, तोंडात धूळ, डोक्यात सिनर्जी.

गेटबाहेर सुरेखा. उलट्या क्रेटवर बसलेली, डोक्यावर हेल्मेट. रोज येते म्हणे. का? "नऊला या बोल्ल्या होत्या ना तुमी." टोमणा नव्हता त्यात, तेच जास्त लागलं.

आत सिनर्जी. थंड पाणी, थंड खोली, गरम हवा. पॉलिसी, कंप्लायन्स, नेक्स्ट क्वार्टर. ऐकून घेतलं आणि म्हटलं, मला बाथरूमला जायचंय. त्याचा चेहरा बघण्यासारखा. "यार्डला नाहीये, मॅडम, ॲडमिनला आहे, पण आज लॉक..." मी उठले आणि सरळ यार्डच्या बाजूला चालायला लागले. शेडच्या टोकाला दार. दारावर चक्क लिहिलेलं, 'महिला'. कुलूप. वॉचमन बिचारा भला माणूस, किल्ली घेऊन आला, दार उघडलं.

आत गणपतीचं मखर.

प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, बाजूला लाइटच्या माळा, भांड्यावर फळी टाकून तिच्यावर गुलालाची पोती. "साहेबांनी भाद्रपदापर्यंत इथंच ठेवायला सांगितलंय," वॉचमन. देवाचं मखर संडासात आणि त्यापायी बाईला नोकरी नाही! बाप्पाला तरी विचारलंत का, त्याला कुठे बसायचंय ते?

सिनर्जीला तोंडावर विचारलं. जराही लाज नाही. "सेंटिमेंटल मॅटर आहे, मॅडम. स्टाफच्या भावना आहेत. असं एकदम हलवता येत नाही."

परत येताना पेट्रोलपंपावर गेले. तिथलं स्वच्छ होतं.


रवि., २६ जाने.

झेंडावंदन. प्र.चं भाषण: "आपल्या केंद्राने एका मच्छी विकणाऱ्या भगिनीला फोर्कलिफ्टवर बसवलं." टाळ्यांत माझ्याही. हात आपोआप वाजतात, सवय.

घरी येऊन हेमंतला सगळं सांगितलं. नवरा पेपर वाचता वाचता म्हणाला, "ती बाई तुझी कोण?" कोणी नाही. तेच तर.


शुक्र., ३१ जाने.

आता ऐका. फोटो वर इतका आवडला की पनवेलला खास महिला मेळावा. १५ फेब्रु. पाहुणे तेच. सूत्रसंचालन अर्थात मी.

प्र.ने केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घेतलं. "ती हेल्मेटवाली रोज गेटवर बसते म्हणे. कंपनी नाराज आहे. मेळाव्याच्या आधी विषय संपवा. 'उमेदवार स्वतःहून रुजू झाली नाही', एवढं तिच्याकडून लिहून घ्या. सही घ्या. हेल्मेट घ्या."

म्हटलं, ती तर रोज जाते.

"गेटपर्यंत जाणं म्हणजे रुजू होणं नव्हे, मॅडम." आणि मग खिडकीबाहेर बघत, "मार्च आला. तुमच्या प्रस्तावावर माझी सही लागते. मला तुमची काळजी आहे म्हणून बोलतो."

आमच्याकडे असं लिहून घ्यायची पद्धतच आहे. नोकरी दिली म्हणायची. मिळाली नाही तर उमेदवार आला नाही म्हणायचं. आळशी कोण, तर उमेदवार. मी स्वतः किती जणांवर हा शिक्का मारलाय, देव जाणे. तेव्हा मला खरंच वाटायचं की पोरंच नालायक. काही होतीही. एसीवाला होताच.

हेमंत म्हणतो, "सही घे आणि मोकळी हो. तन्वीची बारावी आहे, घरात नसत्या कटकटी नकोत." बरोबर आहे त्याचं. इतकं बरोबर बोलणाऱ्या माणसाशी वीस वर्षं संसार कसा केला मी, कोण जाणे.


शनि., ८ फेब्रु.

गेले तिच्या गावी. कागद पर्समध्ये, मजकूर टाइप केलेला.

फाट्यावरच बोर्ड. हार्दिक अभिनंदन! गावची कन्या फोर्कलिफ्टवर! सून आहे ती, पण बोर्डवाल्या भाऊंना एवढी चौकशी करायला कुठे वेळ. भाऊंचा चेहरा दारभर मोठा, गॉगलसकट, भोवती त्यांच्या मित्रमंडळींची डोकी, आणि खाली कोपऱ्यात सुरेखा, हेल्मेट घातलेली. फोटोत पाहुण्यांच्या मागे मीही दिसते, माइक धरून हसताना. दात किती दिसतात माझे.

ओट्यावर बसवलं. पाणी दिलं. समोरून जाऊ बाजारातून आली, रिकामी पाटी कमरेला, आमच्याकडे न बघता आत गेली. सुरेखाही तिच्याकडे बघत नव्हती. नवरा आतून एकदा डोकावला, "ऑर्डर आनली का?" म्हणाला. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला, तेव्हा परत आत गेला.

कागद काढला. तिने हातात घेऊन हळूहळू वाचला.

"मी सोताहून गेले नाय, असा लिवलाय?"

हो.

"मी तर रोज जाते."

म्हटलं, सुरेखा, ही नुसती पद्धत असते. सही केलीस की पुढे कुठे जागा आली तर मी तुला... वाक्य पुरं करवेना. माझ्याच तोंडात प्र. बोलत होता. तिच्याकडे बघायची हिंमत होईना, अंगणातल्या जाळ्यांकडे बघत बसले.

ती आत गेली, हेल्मेट आणलं. पुसून लख्ख ठेवलेलं. मला वाटलं, देते. मांडीवर घेऊन बसली.

"मॅडम, तुमी चांगल्या हाव. तुमाला देत नाय मी. ज्यांनी घातला, त्यांनीच काढावा. चारचौघांत घातलाय, चारचौघांत काढा. मी मान वाकवीन."

कागद परत पर्समध्ये. फाट्यापर्यंत सोडायला आली. बोर्डाखाली रिक्षाची वाट बघत दोघी उभ्या. ती म्हणाली, "गाडी चांगली चालवते मी. सर म्हनायचे, अंडी ठेवली तरी फुटायची नाय." मी म्हटलं, माहितीय. खरं तर मला माहीत नव्हतं. मी तिला कधी गाडी चालवताना बघितलेलंच नाही. आमच्यापैकी कोणीच बघितलेलं नाही.


बुध., १२ फेब्रु.

प्र.ला सांगितलं, होतंय, एक-दोन दिवसांत. सरळ थाप.

स्टेजचा क्रम ठरला. या वेळची 'वेगळी' महिला: वेल्डिंग शिकलेली, कर्नाळ्याच्या बाजूची, कातकरी वाडीतली मुलगी. आईबाप वीटभट्टीवर. प्र. खुशीत. "पत्र नको मॅडम, पत्र फोटोत दिसतच नाही. पाहुणे तिच्या तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा चढवतील. मागच्या वेळची तुमची आयडिया फार चांगली होती."

माझी आयडिया. काय नशीब आहे! आता दर मेळाव्याला एक डोकं आणि त्यावर चढवायला एक वस्तू. पुढच्या वर्षी नर्सला स्टेथोस्कोप घालतील, स्वयंपाकिणीला कढई.

कंपनीला विचारलं का, जागा आहे ना? "ते बघू नंतर. सिनर्जीसाहेबच घेतायत, फॅब्रिकेशन सुरू करणार आहेत." मीच दिलेलं नाव प्र.च्या तोंडी ऐकून दचकले. कधीतरी माझ्या तोंडून निसटलं असणार. आणि त्याला ते खरंच आडनाव वाटतंय!

हसायला हवं होतं. पण संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला. शेजारच्या कोणाच्या तरी मोबाइलवरून, मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"मॅडम, शनिवार झाला का सोमवारी कितीला जायचा? भट्टीवाल्याला सांगायला लागंल, आईबरोबर मी येत नाय म्हनून."

म्हटलं, त्याला काही सांगू नकोस. "का?" म्हटलं, मी सांगेपर्यंत कोणालाही काही सांगू नकोस, ऐकलंस? जरा ओरडलेच. घाबरली पोर. "बरा," म्हणाली आणि ठेवून दिला.


शुक्र., १४ फेब्रु.

सुरेखाला फोन. उद्या पनवेलला ये म्हटलं. हॉलवर. पाहुणे तेच आहेत. तिने काय, कशाला, काहीच विचारलं नाही. "हेल्मेट आनू?"

आण.

पत्रिकेत तिचं नाव नाही. पण पाहुणे पत्रिका वाचत नाहीत आणि प्र. त्यांच्या कानाशी लागलेले असतात. मी नाव पुकारते, तो माणूस वर येतो, पाहुणे उठून उभे राहतात, टाळ्या. एवढीच तर पद्धत आहे आमची.

हेमंतला सांगितलं नाही. तन्वीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुला काढून टाकतील." मग थोड्या वेळाने, "इस्त्री करू का साडीला?"


शनि., १५ फेब्रु. सकाळी

प्र.चे मेसेज सुरू: हार आले का, माइक तपासला का, मुखवटा पुसून घ्या. सिनर्जीने स्टॉल लावल्याचा फोटो पाठवलाय. टेबलावर नवं हेल्मेट, आणि मागे बोर्ड: 'नारीशक्तीला सलाम'. मखर हललं का रे, मेल्या?

सुरेखाचा फोन येऊन गेला. निघाली. रिक्षात दाटीवाटीने बसलीय. हेल्मेट कुठंय विचारलं. "डोक्याव. मांडीव जागा नाय."

काय बोलायचं ते लिहून बघितलं. 'मागील मेळाव्यात प्रातिनिधिक स्वरूपात नियुक्ती देण्यात आलेल्या...' खोडलं. 'मा. पाहुण्यांना विनंती, की त्यांनी स्वहस्ते घातलेलं हेल्मेट स्वहस्ते...' तेही खोडलं. इतकी वर्षं माइकवर बोलतेय, आणि एक साधं खरं वाक्य जमेना. प्र.ला बघून आयत्या वेळी जीभ टाळ्याला चिकटेल, आणि मी त्या वेल्डिंगवाल्या पोरीचंच नाव घेईन, हेही होऊ शकतं. स्वतःला ओळखून आहे मी.

आवाज सकाळपासून बसल्यासारखा वाटतोय. मिठाच्या गुळण्या केल्या. हेमंत म्हणतो, आज नको जाऊस, कळव की बरं नाही. साडी इस्त्री होऊन आलीय.

रिक्षा बोलावलीय. पहिलं नाव सुरेखाचं, एवढंच कागदावर लिहिलंय.